दोन वेळचे पाणी प्यालेला निवडुंग

मित्रांनो, मी एक वाकडा निवडुंग आहे. नीट पाहिलेत तर माझा तळ सपाट आहे, डाव्या कुशीवर उन्हाने भाजल्याचा तपकिरी डाग आहे आणि त्याच्या जरा खाली सुरीचा एक तिरका ओरखडा आहे. देखणा म्हणावा असा मी नाही. पण अठरा वर्षे जगलो आहे, आणि त्यातली पंधरा एकाच खिडकीत काढली आहेत. एवढे आयुष्य मला मिळणार नव्हते. ते कसे मिळाले, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म एका नर्सरीत झाला. मी ज्या बीतून आलो ते खसखशीच्या दाण्याएवढे होते. नर्सरीवाल्या मावशींनी आम्हा दीडशे भावंडांना पसरट ट्रेमधल्या वाळूत पेरले आणि वर काच ठेवली. पहिल्या वर्षी मी वाटाण्याएवढा झालो. तिसऱ्या वर्षी लिंबाएवढा. आमची जागा शेडच्या अगदी टोकाला होती. गुलाबांना रोज पाणी, फर्नला दिवसातून दोनदा फवारा, आणि आमच्याकडे पाइप पंधरा-पंधरा दिवस फिरकत नसे. आम्हाला वाटे, आपण सावत्र. मावशी मात्र येता-जाता म्हणायच्या, “काटेवाल्यांना लाड मानवत नाहीत.” त्या वयात मला ते पटले नव्हते.

एक दिवस एक तरुण मुलगी आली. तिने मावशींकडे सहजासहजी मरणार नाही असे झाड मागितले. मावशींनी मला उचलले आणि म्हणाल्या, “हा घ्या. याला मारायचं तर फार प्रेम करावं लागतं.”

मुलगी हसली. मलाही ती थट्टाच वाटली.

ऊन किती, पाणी कधी, हे सगळे मावशींनी तिला सांगितले. पण तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडे होते. वाटेत तिने एका दुकानातून चिनीमातीचा वाडगा घेतला. पांढराशुभ्र, त्यावर निळे मासे. माझी प्लॅस्टिकची काळी कुंडी तिला शोभेची वाटली नसावी. तिने मला त्या वाडग्यात बसवले आणि भोवती बागेतली काळी माती दाबून भरली. वाडगा सुंदर होता, यात शंका नाही. पण त्याच्या बुडाला भोक नव्हते.

ती मला घेऊन ज्या घरी गेली, ते दुसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेकडे उघडणारी एक खिडकी. खिडकीखाली एक जुने टेबल होते. त्याच्या खणांत मोहरीएवढे स्क्रू, चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग, तेलाची सुईसारखी बाटली. हे टेबल तिच्या मामांचे. मामा घड्याळजी होते. चाळीस वर्षे दुकान चालवून त्यांनी ते अचानक बंद केले होते आणि टेबल तेवढे घरी आणले होते. घरात दुसरे माणूस म्हणजे त्या मुलीची आई, मामांची थोरली बहीण. मामा तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. यजमान गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या होत्या. मुलीची नोकरी दुसऱ्या गावी होती.

“तुम्ही दोघं मिळून याला सांभाळा,” भाची म्हणाली. “याला फारसं काही करावं लागत नाही.”

दोघांनी मान डोलावली. पण एकमेकांकडे पाहिले नाही. मला तेव्हाच खटकले. भाची दुसऱ्या दिवशी गेली, आणि मग मला उलगडा झाला. त्या घरात अबोला चालू होता.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे ऑपरेटर होत्या. आयुष्यभर त्यांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिले, आणि आता स्वतःच्याच घरात लाइन बंद. कारण काय, ते एका दुपारी मामा बाहेर गेले असताना ताईंनीच मला सांगितले. त्यांच्या यजमानांचे मनगटी घड्याळ बंद पडले होते. ताईंनी ते भावाला दिले. दोन दिवसांत देतो म्हणून मामांनी खणात ठेवले, आणि दोन महिने ते खणातच राहिले. ताईंनी विचारले तेव्हा मामा तडकले, म्हणाले, त्यात काही उरलेले नाही, टाकून दे. ताईंच्या तोंडून निघून गेले, जगाची घड्याळे केलीस, माझे एक होईना तुला. त्यांनी घड्याळ उचलून कपाटात ठेवले. एवढेच झाले होते. पण शब्दाला शब्द लागला की माणसे खोल जातात, आणि मग वर यायला कोणीच आधी हात पुढे करत नाही.

घरात बोलायचे तर काहीतरी लागतेच ना? मग ते बोलणे माझ्याशी होऊ लागले. ताईंनी माझे नाव काट्या ठेवले. मामा समोर पेपर वाचत असले की त्या मला म्हणत, “काट्या, दूध संपलंय बरं का.” मामा पेपर घडी करून मला सांगत, “आणतो म्हणावं.” लेकी बोले सुने लागे, यातलाच प्रकार. फक्त लेकीच्या जागी मी. त्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त बोलणे माझ्याशी व्हायचे, आणि खोटे कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा. नर्सरीत ज्याच्याकडे पाइपही वळत नव्हता, त्याच्यावाचून इथे दूध येत नव्हते.

मामा सकाळी ताईंच्या आधी उठत. चहाचे आधण ठेवण्यापूर्वी ते अर्धा कप पाणी माझ्या मुळाशी घालत आणि हळूच म्हणत, “घे रे. कोरडा पडला असशील.” संध्याकाळी मामा फिरायला गेले की ताई अर्धा कप पाणी आणत. “दिवसभर उन्हात बसतोस. घसा सुकला असेल.” मामांना ताईंचे ठाऊक नाही, ताईंना मामांचे ठाऊक नाही. विचारायचे कोणी?

सुरुवातीला मी फुगलो. अंग तुकतुकीत झाले. ताई मला ऐकवत, “बाळसं धरलंस हो.” मामाही कौतुकाने भिंगातून माझे काटे न्याहाळत. दोघांनाही वाटे, हे आपल्या अर्ध्या कपाचे फळ. पण वाडग्याला भोक नव्हते. पाणी जाणार कुठे? खाली चिखल झाला. माझी केसासारखी बारीक मुळे आधी काळी पडली, मग एकेक सुटली. तळ मऊ झाला, बुडाशी पिवळी कड उमटली, आणि मी एका अंगाला कललो. मुळे कुजलेले झाड पाण्यात उभे राहूनही तहानलेले असते. ते सुकलेले दिसते. म्हणून मामांनी अर्ध्या कपाचा पाऊण केला. ताईंनीही.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असे म्हणतात. मी एका घरचा पाहुणा, पण दोन हातांचा. अजीर्णाने मरायला टेकलो होतो.

एक दिवस सकाळी मामांनी भिंग लावून माझा तळ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पेपर अर्धवट टाकून, चपला घालून ते बाहेर पडले. तासाभराने ताईंनी चमच्याच्या मागच्या टोकाने मला दाबून पाहिले. चमचा आत रुतला. त्यांनी मला वाडग्यासकट टॉवेलात गुंडाळले, पिशवीत घातले आणि थेट नर्सरी गाठली. पत्ता भाचीने लिहून ठेवला होता.

मावशींनी मला ओळखले की नाही, कोण जाणे. त्यांनी वाडगा तिरका केला. कडेने मातकट पाणी ओघळले.

“हा निवडुंग आहे की मासा?” त्या म्हणाल्या.

ताई ओशाळल्या. रोज संध्याकाळी अर्धा कप, त्याहून जास्त कधी घातले नाही, हल्लीच जरा वाढवले, असे त्यांनी सांगितले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“मघाशी एक गृहस्थ येऊन गेले. ते म्हणाले, रोज सकाळी अर्धा कप. गोल निवडुंग, निळ्या माशांचा वाडगा. तुमचे कोण?”

ताईंनी टॉवेलाची घडी घातली. “भाऊ. धाकटा.”

“एकाच घरात राहता?”

“हो.”

झाडे विकणाऱ्या माणसांना घरे कळतात. मावशींनी फक्त एवढे सांगितले, की कुजलेला भाग कापून टाकला तर वरचा अर्धा जीव वाचू शकेल, पण आजच. उद्यावर टाकले तर कूज गाभ्यात चढेल आणि मग काही करता येणार नाही. त्या स्वतःच कापून देणार होत्या. पण त्या गृहस्थांनी, मी घड्याळजी आहे, बारीक काम माझ्या हातचे आहे, मीच करीन, असे सांगून सगळी कृती समजावून घेतली होती आणि कोरडी वाळू-माती बांधून नेली होती. “त्यांच्या मनात आहे, तर त्यांना करू द्या,” मावशी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर ताई भरभर चालत होत्या. पिशवीच्या तळाशी मी आडवा पडलो होतो. मावशींची ती ‘फार प्रेमा’ची थट्टा मला आठवत होती, आणि आता तिचे हसू येत नव्हते.

घरी मामा टेबलाशी बसले होते. रिकामी खिडकी पाहून मी कुठे गेलो असेन, हे त्यांनी ओळखले असावे. समोर वर्तमानपत्र अंथरलेले, स्पिरिटने पुसलेली पातळ सुरी, कापूस, चिमटा, भिंग. दुकानात गिऱ्हाइकाचे घड्याळ उघडण्यापूर्वी मांडत असतील तसे सगळे ओळीने मांडलेले. ताईंनी मला त्यांच्यापुढे ठेवले आणि बाजूला उभ्या राहिल्या.

मामांनी मला वाडग्यातून सोडवले. काटे लागू नयेत म्हणून कागदाची जाड पट्टी करून माझ्या कमरेला गुंडाळली. भिंग डोळ्याला लावले. सुरी उचलली.

सुरी थरथरत होती.

त्यांनी कोपर टेबलावर घट्ट रोवले. श्वास रोखला. डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरले. तरी पाते माझ्या अंगाला लागले आणि सटकले. तो ओरखडा तेव्हाचा. मामांनी सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. आणि मग ते नुसतेच हाताकडे पाहत बसले.

“कधीपासून?” ताईंनी विचारले.

मी आल्यापासूनच्या सहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होत्या. माझ्याकडे न पाहता.

“दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून,” मामा म्हणाले.

“म्हणून ते घड्याळ.”

“उघडलं होतं मी. तीनदा उघडलं. स्क्रू धरता येईना. काही मोडून बसलो असतो तर...” ते थांबले. “काय सांगायचं होतं तुला? घड्याळजीचा हातच गेला म्हणून?”

ताईंच्या तोंडून निघून गेलेले ते वाक्य आता खोलीत परत आले असावे. मला त्यांचा चेहराच तसा दिसला. त्यांनी पदर खोचला आणि मामांच्या खांद्याला हात लावला.

“सरक, धाकट्या. कुठे कापायचं ते सांग.”

मामा सरकले. ताईंनी आयुष्यात भाजीखेरीज काही कापले नव्हते. मामा भिंगातून पाहत सांगत होते आणि ताई कापत होत्या. बोटभर खालचा भाग पहिल्यांदा गेला. आत तपकिरी कडे होते. “अजून एक चकती,” मामा म्हणाले. दुसऱ्या चकतीनंतर कडे गेले, पण मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका उरला. ताईंना तो दिसतही नव्हता. आता पुरे, उरेल काय त्याचे, असे त्या म्हणाल्या. मामांनी भिंग काढून त्यांच्या डोळ्याला लावले. “तेवढा ठेवलास तर सगळा जाईल.” तिसऱ्या चकतीनंतर काकडीसारखा हिरवट पांढरा, स्वच्छ गर दिसला. माझी निम्मी उंची वर्तमानपत्रावर पडली होती. दुखले का म्हणून विचाराल, तर ते मला सांगता येणार नाही. हलके वाटले, एवढे आठवते.

कापल्यावरचे दिवस कापण्यापेक्षा अवघड होते, आणि ते माझ्यासाठी नव्हे, त्या दोघांसाठी. मावशींचे सांगणे होते, की जखम वाळून तिच्यावर खपली धरेपर्यंत माती नाही, पाणी नाही, कडक ऊनही नाही. मला एका रिकाम्या कपाच्या तोंडावर ठेवून सावलीत बसवले. काही न करता नुसते थांबायचे, हे माया करणाऱ्यांना फार जड जाते. ताई रोज म्हणत, दोन थेंब शिंपडू का? मामा नको म्हणत. मग मामाच चौथ्या दिवशी ओला कापूस घेऊन आले आणि ताईंनी त्यांना दारातूनच परत पाठवले. बारा दिवसांनी माझा तळ बुचासारखा कडक झाला. तेव्हा त्यांनी बुडाला भोक असलेली साधी मातीची कुंडी आणली, तीत जाड वाळू, विटेचा चुरा आणि मूठभर माती भरली आणि मला वर नुसते टेकवून ठेवले. मी पडू नये म्हणून तीन गारगोट्यांचा आधार. पाणी तेव्हाही नाही.

महिना होत आला. मी जगलो आहे की नाही, हे मलाही नक्की सांगता आले नसते. एका सकाळी मामांनी मला अलगद उचलून भिंग लावले आणि ताईंना हाक मारली. तळाशी तांदळाच्या कणीएवढे दोन गुलाबी-पांढरे कोंब होते. मुळे. ताईंनी पाहिले, भिंग परत दिले आणि चहा ठेवायला आत गेल्या. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मामा मला म्हणाले, “आता पंधरा दिवसांनी अर्धा कप. एकदाच.” ते त्यांचे माझ्याशी शेवटचे लांबलचक बोलणे म्हणायला हरकत नाही.

कारण मित्रांनो, त्यानंतर माझ्याशी कोणी बोलेनासे झाले. दूध संपले की ताई सरळ मामांना सांगत. मामा सरळ उत्तर देत, कधी सरळ कुरकुरत. मला थोडे वाईट वाटले. सहा महिन्यांचा मान एका दिवसात गेला. दिवसचे दिवस मी खिडकीत नुसता बसून असे. आणि त्याच दिवसांत मी खरा वाढलो.

चुका मात्र संपल्या नाहीत. मुळे धरल्याच्या आनंदात ताईंनी मला एकदम गच्चीवर दुपारच्या उन्हात नेऊन ठेवले. सावलीला सरावलेले अंग तीन तासांत भाजले. हा डाग त्या दुपारचा. मामा खूप बोलले, ताईही काही कमी बोलल्या नाहीत. जिन्यापर्यंत आवाज जात होता. मला ते भांडण गोड लागले. मग त्यांनी मला उन्हाची सवय लावली, आज अर्धा तास, दोन दिवसांनी तास. पाण्याचाही नियम ठरला. जो पाणी घालील त्याने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचा. थंडीत मी झोपतो. त्या महिन्यांत कॅलेंडर कोरेच राही.

ताईंनी मामांना डॉक्टरकडे नेले. गोळ्यांनी हात थोडा सावरला, पूर्ववत झाला नाही. यजमानांचे घड्याळ दोघांनी मिळून एका नव्या कारागिराकडे नेले. मामा त्याच्या डोक्यावर उभे राहून चुका काढत होते म्हणे. ते घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडते, आणि ताईंची काही तक्रार नाही.

पुढे माझ्या सपाट तळाभोवती पिल्ले फुटली. शेजारपाजारी गेली. आता लोक आपापले आजारी निवडुंग घेऊन जिना चढून येतात. मामा भिंगातून पाहतात, ताई कापतात. प्रत्येकाला पहिला प्रश्न ठरलेला, “घरात पाणी कोणकोण घालतं?” निम्म्या वेळा येणारा माणूस गोंधळतो.

काही वर्षांपूर्वी भाचीला मूल झाले आणि ताई दोन महिने तिच्याकडे राहिल्या. घरात मामा आणि मी. मामा रोज संध्याकाळी ताईंना फोन लावत.

“काट्याला पाणी घालू का?”

“बोट घालून बघ मातीत.”

मामा थरथरते बोट दुसऱ्या पेरापर्यंत कुंडीत घालत. “ओलसर आहे.”

“मग नको.”

“बरं,” मामा म्हणत, आणि फोन ठेवत नसत. मग बाळाचे, गुडघ्यांचे, जेवलास का, काय केलेस, असे अर्धा-पाऊण तास चाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. कालच नको म्हणाल्या, आज कशा हो म्हणतील, हे मामांना कळत नव्हते असे नाही. ताईंनाही कळत होते. तरी त्या दर वेळी म्हणत, बोट घालून बघ.

मित्रांनो, कधीतरी तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद येईल. त्याला बुडाला भोक असलेली कुंडी द्या, पाणी झरझर निघून जाईल अशी रेताड माती द्या, सकाळचे ऊन द्या. तो विसरला गेला तर सहसा मरत नाही. म्हणून त्याची फार काळजी करू नका. मात्र पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा, आणि घरात दुसरे माणूस असेल तर त्याला एकदा विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असेच येईल. तरी विचारा.